‘नेक्स्ट’ दाबा, सर्टिफिकेट घ्या!

मित्रांनो, प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलच्या गॅलरीत तीनच शब्द ऐकू येतात. पॅकेज, लोकेशन आणि ट्रेनिंग. पहिल्या दोघांवर रात्र-रात्र चर्चा होते. तिसऱ्यावर कुणी दोन मिनिटंही घालवत नाही. “ट्रेनिंग काय, कंपनी देईलच की!” एवढं म्हटलं की विषय संपला. जणू ट्रेनिंग म्हणजे जॉइनिंग किटमधली बॅग आणि पाण्याची बाटली. मिळतेच!

पण हे ट्रेनिंग कुणीतरी तयार करतं. ते करणाऱ्या माणसाला कंपनीच्या भाषेत ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ म्हणतात. मराठीत याला धड शब्दच नाही. शिक्षक म्हणावं तर हा वर्गात उभा राहत नाही, लेखक म्हणावं तर याचं नाव कुठे छापून येत नाही. हा माणूस (आणि बऱ्याचदा बाई) नेमकं काय करतो, काय करायला हवं, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे या लेखात मांडायचं आहे. त्यासाठी एक चक्कर पुण्याच्या एसी ऑफिसात मारू आणि दुसरी आमच्या सास्तूरला. जोडी विचित्र वाटेल, पण थोडं थांबा.

आधी पुणे. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, तिथल्या एका कंपनीत गेली सात वर्षं हे काम करते. ती इंजिनिअर नाही, इंग्रजी विषय घेऊन एम.ए. झालेली आहे. तरी तिने आजवर बँकेच्या कर्जावर, पंपाच्या मेंटेनन्सवर, औषधांच्या गोदामावर आणि ऑफिसातल्या वागणुकीवर कोर्स लिहिलेत. “तुला पंपातलं काय कळतं?” असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, “काही नाही. म्हणूनच मला बरोबर प्रश्न विचारता येतात.”

पुस्तकात या कामाच्या पाच पायऱ्या दिलेल्या असतात. आधी गरज तपासायची, मग आराखडा करायचा, मग कोर्स बनवायचा, मग तो चालवायचा आणि शेवटी उपयोग झाला का ते बघायचं. ही पद्धत अमेरिकेच्या लष्करासाठी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत १९७५ च्या सुमारास तयार झाली. तिला आद्याक्षरांवरून ‘अ‍ॅडी’ म्हणतात. मुलाखतीत प्रत्येकाला विचारतात, प्रत्येकजण घडाघडा सांगतो.

प्रत्यक्षात मात्र पहिली पायरी बऱ्याचदा गाळलेलीच असते. काम येतं तेच उत्तर सोबत घेऊन. क्लायंटची मेल येते: ‘कस्टमर सर्व्हिसवर एक तासाचा कोर्स हवा, महिनाअखेर.’ एक तासच का? कोर्सच का? कुणाला काय येत नाही? यातलं काही मेलमध्ये नसतं. सोबत दोनशे स्लाईडची पीपीटी जोडलेली असते, आणि ‘सगळं यात आहे’ असा निरोप.

मग त्या विषयातला जाणकार गाठायचा. त्याला एसएमई म्हणतात. हा भला माणूस असतो पण त्याला वेळ नसतो, कारण त्याची खरी नोकरी वेगळीच असते. शिवाय त्याला इतकं येत असतं की काय वगळावं हेच त्याला सुचत नाही. पंधरा वर्षं जे हात आपोआप करतात ते तोंडाने सांगता येत नाही. आपले काही सर नाही का, डेरिव्हेशनमध्ये चार पायऱ्या गाळून “हे तर उघड आहे” म्हणतात! त्यांच्यासाठी ते उघडच असतं. ताईचं निम्मं काम म्हणजे हे ‘उघड’ उघडून घेणं.

त्यानंतर स्टोरीबोर्ड. सिनेमाचा असतो तसाच. प्रत्येक स्क्रीनवर काय लिहिलेलं दिसेल, कोणतं चित्र येईल, आवाजात काय ऐकू येईल, क्लिक केल्यावर काय होईल. तो तीन जणांकडे तपासायला जातो आणि तीन उलटसुलट शेरे घेऊन परत येतो. एक म्हणतो लांब झालं, दुसरा म्हणतो आमच्या विभागाचा इतिहास राहिला, तिसरा (हा कायदा विभागातला) एक अख्खा परिच्छेद जशाच्या तसा घालायला सांगतो. आवाजाचं रेकॉर्डिंग झालं की कुणाला तरी पदनाम बदलल्याची आठवण होते. मग परत रेकॉर्डिंग. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखंच, ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल फायनल’ अशा फाइली तिथेही असतात. ऐकून बरं वाटलं!

आणि मग ते सुप्रसिद्ध ‘नेक्स्ट’चं बटण. पाहणारा भराभर पुढे जाऊ नये म्हणून आवाज संपेपर्यंत ते बंद ठेवायचं, असा क्लायंटचा आग्रह असतो. परिणाम काय? माणूस आवाज बंद करतो, दुसऱ्या खिडकीत मेल वाचतो आणि अधूनमधून येऊन नेक्स्ट दाबतो. शेवटी दहा प्रश्न. त्यात सगळ्यात लांब उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. ८० टक्के मिळाले की सर्टिफिकेट! सॉफ्टवेअरमध्ये नोंद होते, ‘कम्प्लीटेड’. ट्रेनिंग झालं.

झालं का खरंच?

इथे माझं म्हणणं सुरू होतं. माझ्या मते दोष डिझायनरचा नाही. तिला हे सगळं माहीत असतं. दोष हा आहे की कंपनी विकत घेते ती ‘झाल्याची नोंद’, आणि तिला वाटतं आपण ‘येणं’ विकत घेतलं. या दोन वस्तू वेगळ्या आहेत. नोंदही काही वेळा लागतेच, हे मान्य. उदाहरणार्थ, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मालकावर कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यायची जबाबदारी टाकली आहे. मग ते घेतल्याचा पुरावा ठेवावा लागणारच. पण पुरावा म्हणजे परिणाम नव्हे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या होत्या. लोकांना आवडलं का, लोक शिकले का, कामावर गेल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेचं काही भलं झालं का. कंपन्या पहिली पातळी हौसेने मोजतात (तो शेवटचा पाच चांदण्यांचा फॉर्म आठवा), दुसरी दहा प्रश्नांत उरकतात, आणि तिसरी-चौथीपर्यंत क्वचितच पोचतात. कारण तिथे जाऊन बघावं लागतं.

ताईने सांगितलेला एक किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. एका गोदामात माल स्कॅन करताना सारख्या चुका होत होत्या. मागणी आली: स्कॅनिंगचा कोर्स बनवा. ताईने हट्ट धरला की आधी एक दिवस गोदामात उभं राहू द्या. तिथे तिने काय पाहिलं? पोरांना स्कॅनिंग उत्तम येत होतं. पण स्कॅनर एका टोकाला आणि माल उतरायची जागा दुसऱ्या टोकाला. गर्दीच्या वेळी ते खोक्यांचे नंबर हातावर पेनाने लिहून घ्यायचे आणि नंतर एकदम टाकायचे. घामाने आकडे पुसले जायचे. याला कोर्स काय करणार? आणखी एक स्कॅनर आणि तो ठेवायला टेबल, एवढंच उत्तर होतं. ताईच्या कंपनीचं बिल बुडालं. वरिष्ठ खूश झाले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघांनी १९७० मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यातली कसोटी सोपी आहे. माणूस काम नीट करत नाही ना? मग स्वतःला विचारा, त्याच्या जिवावर बेतलं तर त्याला ते जमेल का? जमेल, तर ट्रेनिंगचा उपयोग नाही. अडचण साधनांत, नियमांत, पगारात, साहेबात, कुठेतरी दुसरीकडे आहे. जिवावर बेतूनही जमणार नाही, तरच शिकवा.

‘जिवावर बेतणं’ हा मेगर-पाइपसाठी बोलण्याचा एक प्रकार होता. आमच्या गावात तो प्रकार नव्हता. म्हणून आता सास्तूर.

सास्तूर हे धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं लोहारा तालुक्यातलं आमचं मूळ गाव. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. जगाला किल्लारीचं नाव माहीत आहे, पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या आमच्या बाजूच्या गावांचीही तीच गत झाली. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. घरात मात्र ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशाच तारखा चालतात.

माणसं कशाने गेली? भूकंपाने नव्हे, घरांनी. दोन-अडीच फूट आणि त्याहूनही जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं जड माळवद. (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही फक्त ‘रूफ’ शिकलो. माळवद हा शब्द मला आजोबांकडून मिळाला.) भिंत जाड दिसायची, पण आतून ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मध्ये माती आणि गोट्यांची भर. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटून फुगतात, भिंत ढासळते आणि वरचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर येतो.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं नव्याने वसवली. पण ज्या गावांत घरं उभी होती, फक्त तडे गेले होते, तिथे काय करायचं? अशी घरं फार मोठ्या संख्येने आणि कितीतरी जिल्ह्यांत पसरलेली होती. ती मालकांनी स्वतःच, सरकारी मदत घेऊन, दुरुस्त आणि मजबूत करायची असं ठरलं. म्हणजे पूर्वी जसं बांधलं तसं पुन्हा न बांधण्याचं शिक्षण असंख्य घरमालकांना आणि गवंड्यांना द्यायचं होतं. यापेक्षा मोठं ट्रेनिंग कोणत्या कंपनीने दिलंय सांगा!

आता हाच विषय ताईच्या टेबलावर आला आहे असं समजा. तांत्रिक मजकूर तयार आहे. कमकुवत दगडी बांधकाम भूकंपाला टिकावं म्हणून आयएस १३८२८ हे भारतीय मानक १९९३ मध्येच आलं. त्यात सांगितलंय की भिंतीच्या दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडव्यात जास्तीत जास्त १.२ मीटरवर हवेत. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घरभर फिरणारा सलग पट्टा हवा. शिवाय माळवदावरची माती कमी करायची, कोपरे बांधून घ्यायचे. झाली पीपीटी तयार! दोनशे स्लाईड आरामात होतील.

पण गवंड्याने उद्या सकाळी काय वेगळं करायचं? त्याच्या हातात दोरी आणि ओळंबा आहे, मिलिमीटरची पट्टी नाही. त्याला सांगायचं ते असं: दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांच्या आत, एक लांब दगड भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. बस. एक वाक्य. अख्खं मानक वाचून त्यातून हे एक वाक्य काढणं म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाईन. वाक्य छोटं दिसतं, पण ते काढायला मानकही कळावं लागतं आणि गवंडीही.

आमच्या शेजारचे एक मिस्त्रीमामा नव्वदच्या दशकात अशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. पुढे आसपासच्या गावांत त्यांनी दुरुस्तीची कामं केली. ते सांगतात, “पहिल्या दिवशी साहेबानं फळ्यावर चित्र काढलं, बाण दाखवले. आम्ही मान हलवली अन् जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी दुसरा साहेब आला. त्यानं पडक्या घराची भिंत मधून उघडायला लावली. तवा डोळ्यानं दिसलं की दोन भिंती शेजारी-शेजारी हुभ्या व्हत्या, एकमेकीला धरलंच नव्हतं. मग आमच्याच हातानं आरपार दगड बसवून घेतला. चुकला की काढ, परत बसव.” पहिला साहेब आणि दुसरा साहेब यांच्यात जो फरक आहे, त्यावर माझा हा सगळा लेख उभा आहे. ज्ञान दोघांकडे सारखंच होतं.

मिस्त्रीमामा न शिकलेले असतील, पण त्यांच्या वर्णनातला तो दुसरा दिवस जगभर मान्य असलेल्या पद्धतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवखे कामगार भराभर तयार करावे लागले, तेव्हा टीडब्ल्यूआय नावाचा कार्यक्रम १९४० ते १९४५ चालला. त्याची पद्धत अशीच: माणसाची मनाची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर त्याच्याकडे लक्ष ठेवा. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटाने ती उचलली. लीन मॅन्युफॅक्चरिंग आपण सहाव्या सेमिस्टरला घोकतो, त्याच्या मुळाशी ही साधी चार पावलं आहेत.

बरं, गवंडी शिकला म्हणजे संपलं का? नाही. पैसा आणि निर्णय घरमालकाचा. तिथे आणखी एक अडचण होती, ती कोणत्याही स्लाईडमध्ये बसणारी नव्हती. लोकांना दगडाचीच भीती बसली होती. ज्या भिंतीने लेकरं गाडली, तीच भिंत चार भोकं पाडून, चार दगड घालून ‘मजबूत’ झाली असं कुणी कितीही सांगितलं तरी मन घेईना. म्हणून बऱ्याच कुटुंबांनी मिळालेल्या पैशांतून जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी नवी, छोटी, पक्की खोली बांधणं पसंत केलं. इंजिनिअरच्या हिशेबाने हा पैशाचा चुकीचा वापर. कारण झोपायची जागा बदलली तरी जुनं घर तसंच धोकादायक राहिलं. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. ‘माहिती देणं’ आणि ‘विश्वास बसणं’ यांच्यात किती अंतर असतं!

हे अंतर तोडायचं काम काही अंशी कुणी केलं? गावातल्याच बायकांनी. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सरकारने या कार्यक्रमात लोकसहभागाचं काम सोपवलं होतं, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या हजाराहून जास्त गावांत. महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. घरोघर जाऊन मदत किती, कशी मिळते ते सांगायचं, भूकंपाला टिकणारं बांधकाम म्हणजे काय ते समजावायचं, चाललेलं काम बघायचं आणि अडचण असेल तर ती गावसभेत, अधिकाऱ्यांपुढे मांडायची. यातल्या कित्येकींनी तोवर साहेबाशी समोरासमोर बोललंही नव्हतं. पुढे २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. शिकलेला माणूस दुसऱ्याला शिकवायला निघतो, याहून मोठी परीक्षा कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?

माझा रूममेट हे सगळं ऐकून म्हणाला, “अरे, पण कंपनीत कुठे भूकंप होतो? एक्सेलचा कोर्स नीट नाही झाला तर कुणी मरत नाही.” मुद्दा बरोबर आहे. प्रत्येक कोर्ससाठी भिंत उघडून दाखवायला गेलो तर कंपनीचं दिवाळं वाजेल. काही गोष्टींना एक कागद पुरतो, आणि तसा एक कागद देणं हेही चांगल्या डिझायनरचंच काम आहे. पण माझं म्हणणं असं की कुणी मरत नाही म्हणूनच तिथली फसवणूक दिसत नाही. आमच्याकडे वाईट ट्रेनिंग पुढच्या हादऱ्याला उघडं पडलं असतं. कंपनीत ते वर्षानुवर्षं ‘कम्प्लीटेड’च्या हिरव्या खुणेखाली लपून राहतं. लोक शिकत नाहीत, वेळ जातो, आणि चूक झाली की “तुला ट्रेनिंग दिलं होतं ना?” म्हणून खालच्या माणसाच्याच गळ्यात पडते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. सर्टिफिकेट हे शिकवणाऱ्याचं संरक्षण होतं, शिकणाऱ्याचं नाही.

आणि कुणी मरत नाही हेही सगळीकडे खरं नाही. केमिकल प्लँट, बॉयलर, हाय व्होल्टेज लाइन, हॉस्पिटलची मशिन्स. आपल्यातले निम्मे तिथेच जाणार आहेत ना?

आता तर एआय आलंय. गेल्या दोन-तीन वर्षांत ताईच्या ऑफिसात स्क्रिप्ट, चित्रं आणि चक्क मराठी-हिंदी आवाजसुद्धा मशीन तासाभरात करून देतं. ती घाबरलीय का? थोडी आहेच, खोटं कशाला सांगा. पण ती म्हणते, “दोनशे स्लाईडचा कोर्स पूर्वी महिन्यात वाईट व्हायचा, आता दिवसात वाईट होतो.” गोदामात उभं राहून हातावरचे आकडे बघणं, मिस्त्रीच्या दोरीत मिलिमीटर बसवणं, दगडाला घाबरलेल्या बाईशी बोलणं, यासाठी अजून माणूसच जावा लागतो. आणि जायचं की नाही हे ठरवणारे उद्या आपणच असू. कुणी टीम लीडर, कुणी मॅनेजर, कुणी क्लायंट. ‘एक तासाचा कोर्स हवा’ अशी मेल पाठवणारा तो माणूस तुमच्या-माझ्यातूनच तयार होतो.

म्हणून सुरुवात इथूनच करू या. आपल्या कॉलेजात, हॉस्टेलमध्ये काय कमी ‘नेक्स्ट’ आहेत? लॅबचे सुरक्षा नियम आपण फाइलच्या पहिल्या पानावर उतरवून काढतो. अँटी-रॅगिंगचं ऑनलाइन शपथपत्र दर वर्षी भरतो, पण रात्री दोन वाजता खरंच काही घडलं तर पहिला फोन कुणाला करायचा, हे फर्स्ट इयरच्या किती पोरांना न बघता सांगता येईल? हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर टांगलाय. रोज त्याच्याखालून जातो. त्याची पिन कुणी ओढलीय?

प्राचार्य, रेक्टर सर आणि स्टाफला माझी विनंती आहे, आणि ती खर्चिक नाही. एक: दर वर्षी हॉस्टेलमध्ये अर्धा दिवस असा ठेवा की प्रत्येक नवीन मुला-मुलीने मैदानात पेटवलेल्या छोट्या आगीवर सिलिंडर स्वतःच्या हाताने चालवून बघायचा. पिन ओढ, नळी आगीच्या मुळाशी धर, दाब, डावी-उजवीकडे फिरव. तसेही सिलिंडर मुदत संपली की रिकामे करून पुन्हा भरावेच लागतात. ते पोरांच्या हातून रिकामे होऊ द्या. दोन: लॅबमध्ये नियम लिहून घेण्याऐवजी पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाकडून मेन स्विच बंद करून घ्या, डोळे मिटून विचारलं तरी हात तिकडेच गेला पाहिजे. तीन: प्लेसमेंटच्या आधी सॉफ्ट स्किल्सचं जे ट्रेनिंग होतं, त्यानंतर चांदण्यांचा फॉर्म भरून घेऊ नका. महिन्याभराने चार पोरांना बोलावून मॉक इंटरव्ह्यू घ्या आणि काय बदललं ते बघा. बदललं नसेल तर पोरांना झापण्याआधी ट्रेनिंग तपासा.

आणि मित्रांनो, आपल्यालाही एक सांगणं आहे. उद्या कुणी तुम्हाला शिकवायला आलं, किंवा तुम्ही ज्युनिअरला शिकवायला बसलात, मग ते कॅड असो, कोडिंग असो की मेसचा हिशोब, तर “समजलं का?” हा प्रश्न विचारू नका. या प्रश्नाला सगळे मान हलवतात आणि जेवायला जातात. “करून दाखव” म्हणा. चुकला की काढायचा, परत बसवायचा.